फोन दुसऱ्याच्या हातात न देता

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या मावशीला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय. पाइपातून बघितल्यासारखं वाटतंय, असं ती सांगते. फोनवरची अक्षरं मोठी केली तर एका वेळी जेमतेम तीन-चार शब्द नजरेत मावतात. म्हणून गेल्या वर्षी तिच्या फोनवर टॉकबॅक सुरू करून दिला. अँड्रॉइड फोनमध्ये तो मुळातच असतो. बोट जिथं टेकेल तिथलं फोन वाचून दाखवतो आणि दोनदा टॅप केलं की ते बटण दाबलं जातं. आठ-दहा दिवसांत मावशी त्यावर भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे मेसेज वाचायला लागली. मग एक दिवस म्हणाली, डोळ्यांच्या ओपीडीची चिठ्ठीपण आता घरूनच काढायची. पहाटे उठून रांगेत बसणं पुरे झालं.

रुग्णालयाची नोंदणीची साइट उघडली. मावशी बोट सरकवते आणि फोन म्हणतो, "बटण. बटण. लेबल नसलेलं बटण. इमेज. बटण."

"काय म्हणालंय गा ते?"

मी डोकावलो. पडद्यावर सगळं कसं देखणं होतं. प्रत्येक विभागाला एक चित्र दिलेलं. दातांसाठी दात, हृदयासाठी हृदय आणि डोळ्यांच्या विभागासाठी डोळा. ज्यांचे डोळे बरे आहेत त्यांनाच डोळ्यांचा विभाग सापडावा, अशी ही व्यवस्था. शेवटी मावशीनं फोन माझ्या हातात दिला आणि मी चिठ्ठी काढून दिली.

मी भाचा, म्हणून ठीक. एरवी फोन जातो गल्लीतल्या एखाद्या पोराच्या हातात, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात. फोनबरोबर आजारही जातो. कोणती गोळी चालू आहे, कोणत्या विभागात नंबर लावलाय, मागच्या तपासणीत काय निघालं, हे सगळं काउंटरवर उभ्या चार माणसांदेखत. डोळ्यांचं असलं तर कुणाला काही वाटत नाही. पण मनोविकार विभागाची, क्षयाची, नाहीतर बायकांच्या आजाराची चिठ्ठी असेल तर कितीजणी ती दुकानात जाऊन काढतील?

मी स्वतः वेबसाइटी बनवण्याच्या धंद्यात आहे, आणि असली मुकी बटणं मीही केलेली आहेत. म्हणून हे कसं घडतं ते जरा उलगडून सांगतो.

टॉकबॅक, आयफोनवरचा व्हॉइसओव्हर किंवा संगणकावर फुकट मिळणारा एनव्हीडीए, या सगळ्यांना मिळून स्क्रीन रीडर म्हणतात. लोकांची समजूत अशी की तो पडद्याकडे बघून वाचतो. तसं नाही. तो पडद्यामागचा कोड वाचतो. तुम्हाला जे चौकोनी निळं बटण दिसतं, त्याच्या पोटात बनवणाऱ्यानं 'हे बटण आहे, याचं नाव नेत्र विभाग' असं लिहिलेलं असलं तर फोन तसं बोलतो. नाव लिहिलेलंच नसलं तर तो नुसतं "बटण" म्हणून थांबतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बटण बटणच नसणं. बनवणाऱ्यानं नुसता एक डबा काढायचा, त्याला रंग द्यायचा, कडा गोल करायच्या आणि बोट लागलं की पुढं जा अशी सूचना लिहायची. डोळस माणसाला ते बटण वाटतं. स्क्रीन रीडरला तिथं बटण सापडत नाही. भिंतीवर दार रंगवावं तसं ते.

दुरुस्ती किती मोठी? नाव नसलेल्या बटणाला नाव द्यायचं तर एक ओळ. चित्राला वर्णन द्यायचं तर एक ओळ. 'मोबाइल नंबर' ही अक्षरं आणि शेजारचा रकाना एकमेकांचे आहेत हे कोडमध्ये सांगायचं, त्यालाही एक ओळ. दहा विभागांच्या पानाला अर्धा दिवस लागत नाही. राहून जातं, कारण बनवणारा, तपासणारा आणि पैसे मंजूर करणारा हे तिघंही पान डोळ्यांनी बघतात.

आता आपल्या भागातली गोष्ट. तिच्याविषयी वेबच्या नियमावल्यांत फारसं सापडत नाही.

बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १८-१९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी. शहर, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तर हे प्रमाण याहून बरंच जास्त. साइट मात्र कन्नड आणि इंग्रजीत. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल, ओपीडीची चिठ्ठी तोवर थांबत नाही. आपल्याकडच्या कितीतरी माणसांची परिस्थिती अशी आहे की कन्नड कानाला कळतं, डोळ्याला कळत नाही. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात कन्नड बोलणारी आमची मावशी कन्नड अक्षर ओळखत नाही. ती मराठी शाळेत शिकली, चौथीपर्यंत.

आणि इथं एक मजा आहे. स्क्रीन रीडर लिहिलेलं कन्नड बोललेलं करून देतो. पानावर 'मुंदुवरिसि' असं कन्नड लिपीत लिहिलेलं असलं तर मावशीच्या डोळ्यांना ती नुसती वेलबुट्टी. पण फोननं तोच शब्द उच्चारला की तिला कळतं, पुढं जायचंय. बस कंडक्टरचं "मुंद होग्री" तिनं जन्मभर ऐकलंय. 'हेसरु' म्हणजे नाव, 'कण्णु' म्हणजे डोळा, हेही तिला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे अंधांसाठी केलेली सोय नीट असली, तर ती लिपी न येणाऱ्या डोळस माणसालाही चालते. माझं मत विचाराल तर नीट बांधलेलं कन्नड पान हे गचाळ बांधलेल्या मराठी पानापेक्षा सीमाभागातल्या म्हातारीला जास्त उपयोगी आहे. हे वाक्य काही मंडळींना रुचणार नाही, पण मी ते घडताना बघितलंय.

एक अट मात्र आहे. पान कोणत्या भाषेत आहे हे कोडमध्ये लिहिलेलं असावं लागतं. कन्नडसाठी 'केएन', मराठीसाठी 'एमआर', हिंदीसाठी 'एचआय', अशी दोन-दोन अक्षरी खूण. ती बघून फोन त्या भाषेचा आवाज निवडतो. ही खूण चुकीची असली की गंमत बघा. पान कन्नड, खूण इंग्रजीची, मग इंग्रजी आवाज कन्नड अक्षरांसमोर येऊन गप्प बसतो किंवा भलतंच काहीतरी पुटपुटतो. मराठी पानाला हिंदीची खूण लावणं तर नेहमीचंच. लिपी एकच, मग फरक काय पडतो, असं लावणाऱ्याला वाटतं. फरक कानाला पडतो. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, चमचातला च वेगळा आणि चिमटातला वेगळा. हिंदी आवाज दोन्ही एकाच साच्यात ओततो. शब्दाच्या शेवटचा अकार कुठं खायचा आणि कुठं ठेवायचा हेही त्याला आपल्यासारखं जमत नाही. ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, पण परक्या माणसानं मराठी वाचावं तसा. औषध किती वेळा घ्यायचं हे सांगणारा मजकूर असा ऐकायची वेळ येऊ नये.

आणखी एक जुनी खोड म्हणजे पीडीएफ. योजनेचं पत्रक कागदावर छापायचं, त्याचा फोटो काढायचा आणि साइटवर चढवायचा. फोटोतल्या अक्षरांना फोन सहसा अक्षरं समजत नाही. तो म्हणतो, "इमेज". ब्राउझरला सांगून पान कन्नडमधून मराठीत करून घ्यायची सोय आता बऱ्याच जणांना माहीत झालीये, तीही फोटोवर चालत नाही. जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेल्या कागदांचं दुखणं वेगळं. दिसायला कन्नड किंवा मराठी, पण आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. स्क्रीन रीडर ती खिचडी इमानदारीत वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर हा प्रश्नच उरला नसता.

आकड्यांचंही सांगायला हवं. मावशीच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे. तिनं मोबाइल नंबर टाकला ९४४ पासून, देवनागरी आकड्यांत. साइट म्हणाली, नंबर चुकीचा. तिनं पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा तिनं स्वतःचा नंबर पाठ म्हणून बघितला, आपल्यालाच विसर पडला की काय म्हणून. रकाना फक्त इंग्रजी आकडे घेत होता आणि तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. देवनागरी ९ चा इंग्रजी 9 करून घेणं संगणकाला काही जड नाही. ते माणसावर ढकलायचं आणि वर त्यालाच चुकीचं ठरवायचं, याला मी आळस म्हणतो.

जन्मतारखेचा रकाना तर कुणीतरी सूड उगवायला बनवलाय. कॅलेंडर उघडतं ते चालू महिन्यावर आणि मागं जायला एक बारीक बाण. एका टॅपला एक महिना. सत्तरीच्या माणसाला आपल्या जन्मवर्षापर्यंत पोचायला ८४० टॅप. हात कापत असला तर बाण चुकून तारीखच निवडली जाते आणि मग पहिल्यापासून. तारीख सरळ टाइप करू द्या, एवढंच मागणं आहे. बटणाच्या आकाराचा तर नियमच आहे. वेबच्या नव्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत (तिच्याविषयी पुढं सांगतो) किमान २४ बाय २४ पिक्सेलची जागा सांगितलीये, आणि विणकामाच्या मागावर बसून बोटं जाड झालेल्या वडगाव-खासबागच्या माणसांचा विचार केला तर तीही कमीच वाटते.

कॅप्चा म्हणजे ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारी परीक्षा. तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात, हे सिद्ध करण्यासाठी डोळे लागतात असा तिचा हिशेब. ऐकायचा पर्याय दिला तर काही अंशी निभावतं. तो पर्यायही बहुधा इंग्रजीत, आणि मागं गोंगाट भरलेला. मग ओटीपी. फोन ओटीपीचा मेसेज वाचून दाखवतो तेव्हा मावशी नोंदणीच्या पानावर असते. ती मेसेजमध्ये जाते, आकडे मनात म्हणत परत येते, तोवर पान म्हणतं वेळ संपली. वेळेची मर्यादा ठेवावीच लागत असेल तर ती संपण्याआधी सांगावं आणि वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावेत, असा एक मार्ग नियमावलीत आहे. ओटीपी पेस्ट करू द्यावा, पाठांतराची परीक्षा घेऊ नये, असाही रोख आहे. सुरक्षेच्या नावाखाली पेस्ट बंद करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

ही नियमावली कोणाची? डब्ल्यूथ्रीसी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था वेबचे नियम ठरवते. तिच्या या नियमांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली, २०१८ मध्ये २.१ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २.२. सगळ्या नियमांचा गाभा चार अपेक्षांत बसतो. मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला कळावा, पान चालवता यावं, समजावं, आणि वेगवेगळ्या फोनांवर, वेगवेगळ्या वाचकयंत्रांवर टिकावं. रंगाबद्दल त्यात चक्क आकडा आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. हल्ली डिझायनर मंडळींना आवडणारा फिकट करडा पांढऱ्यावर टाकला की आकडा तीनच्याही खाली येतो. मोतीबिंदू असलेल्या माणसाला ते पान कोरं दिसतं, आणि भर दुपारी शेतात फोन काढलेल्या धडधाकट माणसालाही. मोकळ्या वेळा हिरव्या आणि भरलेल्या लाल, एवढ्या रंगावरच भागवू नये हेही त्यात आलं. रंगांधळ्या माणसाला दोन्ही मातकट दिसतात. शेजारी 'मोकळी' हा शब्द लिहिला की झालं.

या नियमावलीत एक गोष्ट नाही. पान लोकांच्या भाषेत असावं असं ती कुठंच म्हणत नाही. ज्या भाषेत आहे ती नीट जाहीर करा, एवढंच तिचं म्हणणं. भाषेसाठी वेगळं दार ठोठवावं लागतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या तरतुदींत, जिथं त्यांची संख्या १५ टक्के आहे तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात असं आहे. ते किती पाळलं जातं ते बेळगावकरांना मी सांगायला नको.

त्यात आपल्या माणसाचा दवाखाना एका राज्यात मावत नाही. निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, खानापूरचा गोव्यात बांबोळीला. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनाही जाहीर केली. घरात एक जण आजारी पडला की तीन राज्यांच्या साइटी आणि तीन तऱ्हेची मुकी बटणं.

हे फक्त आपल्याच भागाचं रडगाणं आहे असंही नाही. कोविडच्या लसीसाठी कोविन आलं तेव्हा अख्ख्या देशानं हा अनुभव घेतला. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं कोविनचे दोष एकेक करून मांडले. कॅप्चाला ऐकायचा पर्याय नाही. वयोगट, लसीचं नाव, फुकट की विकत, हे निवडायचे फिल्टर दृष्टिहीनांना वापरता येत नाहीत. कीबोर्डनं पान चालवता येत नाही. वेळ नोंदवेपर्यंत माणूस बाहेर फेकला जाऊ नये इतका अवधी हवा. न्यायालयाच्या आदेशात फिल्टर आणि कॅप्चाची चर्चा वाचून मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळलं, लस मिळणं-न मिळणं त्या फिल्टरवर अडलं होतं.

कायदा त्याआधीपासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता यावं ही सरकारची जबाबदारी ठरवली. पहिल्या भंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक भंगाला ५०,००० ते ५ लाख. सरकारी साइटींसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. घोडं अडलं ते नियम शिफारशीसारखे होते म्हणून. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच पकडलं. कायदा सक्ती करतो आणि त्याखालचा नियम नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही, असं सांगून सक्तीचे नियम करायला तीन महिन्यांची मुदत दिली. ३० एप्रिल २०२५ चा निकाल त्याही पुढचा. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्यांना बँकेच्या केवायसीत डोळे मिचकावून जिवंतपणा सिद्ध करा असं यंत्र सांगत होतं. न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तुमच्या गावच्या दवाखान्याची साइट कशी आहे ते बघायला तज्ज्ञ लागत नाही. संगणकावर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर वापरून नंबर लावून बघा. अडकलात तर दोष साइटचा. फोनवर टॉकबॅक सुरू करा, पण आधी तो बंद कसा करायचा ते शिकून घ्या. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरायची. पहिल्यांदा सुरू केला की फोन नेहमीसारखा चालत नाही आणि माणूस घाबरतो. माझ्या एका सहकाऱ्यानं फोन दुकानात नेला होता. मग डोळे मिटून 'नेत्र विभाग' शोधा. सापडला नाही तर नेमकं काय ऐकू आलं ते लिहून ठेवा. 'साइट खराब आहे' या तक्रारीचं कुणीही काही करू शकत नाही. 'अमुक पानावरच्या चौथ्या बटणाला नाव नाही, टॉकबॅक नुसतं बटण म्हणतो' यावर काम करता येतं. सरकारी साइटच्या तळाशी वेब माहिती व्यवस्थापकाचा पत्ता असायला हवा. तिथून उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लिहिता येतं.

मी मावशीच्या साइटला असंच लिहिलं. तीन ओळी आणि सोबत पडद्याचं रेकॉर्डिंग, त्यात मावशीचा आवाजही आला होता, "काय म्हणालंय गा ते?" उत्तर आलं नाही. चारेक महिन्यांनी सहज उघडून बघितलं तर चित्रांना नावं लागली होती, कन्नडमध्ये, खूणही बरोबर. कॅलेंडर होतं तसंच आहे आणि देवनागरी आकडे अजून चुकीचेच ठरतात. पण एकदा नोंदवलेल्या पेशंटला ते दोन्ही पुन्हा लागत नाहीत.

परवा मावशीकडे गेलो तर ती पाटावर बसून फोनवर बोट फिरवत होती. फोन कन्नडमध्ये एकेक विभाग वाचत होता. तिनं दोनदा टॅप केलं, ओटीपी टाकला, चिठ्ठी निघाली. मी विचारलं, कुठल्या डॉक्टरचा नंबर लावलास?

"तुला कशाला पाहिजे?" म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला.